नसीमबाजी शटरपाशी थांबली तेव्हा

शेलूबाजारला हायवेला लागून माझं लहानसं दुकान आहे. ब्लाउजपीस, परकर, ओढण्या, मुलींचे तयार ड्रेस. त्या दुपारी एका बाईला साडीला जुळणारा फॉल काढून दाखवत होते आणि फोन वाजला. रेहानाचा नंबर. रेहाना म्हणजे नसीमबाजीची भावजय. पण त्या फोनवरून रेहाना स्वतः कधी बोलायची नाही, बोलायची ती बाजीच. म्हणून मी उचलल्याबरोबर म्हणाले, "बोल बाजी!" पलीकडून फक्त घरातल्या बायकांची कुजबुज. मग रेहाना म्हणाली, "बाजी नाई व कल्पना, मी हाय. बाजी गेल्या." मी फॉल हातात तसाच धरून उभी. समोरची बाई, नावसुद्धा माहीत नसलेली, माझ्याकडे बघून म्हणाली, "जाय माय तू. मी बसतो इथी, तुया घरचं कोनी येईलोक." मी तशीच रस्त्यावर आले. वाशीमची जीप उभी होती, पण जीप भरल्याशिवाय निघत नाही. दोन बायकांच्या मध्ये दबून मी बसले आणि ड्रायव्हर बाहेर उभा राहून "वाशीम, वाशीम" ओरडत राहिला. माझ्या डोक्यात एकच, मातीला नेण्याआधी तोंड दिसलं पाहिजे. दिसलं. काही मिनिटंच, पण दिसलं.

आता काही आठवडे होऊन गेले. लोक विचारतात, ती तुझी कोण? नातं सांगता येत नाही. वाशीमच्या बाजारातल्या ज्या मोठ्या कापड दुकानात मी आधी कामाला होते, तिथं ती आमच्या सगळ्या मुलींवर देखरेखीला होती. पिंजाऱ्याची लेक. बापाच्या कापूस पिंजायच्या धनुकलीचा आवाज ऐकत वाढली म्हणून आपला आवाज असा घोगरा झाला, असं ती स्वतःच सांगायची. नवरा लवकर वारला, मूलबाळ नव्हतं, भावाकडे राहायची. मी माळ्याच्या घरची, गावाबाहेर मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी यांच्या वाफ्यांत वाढलेली. नोकरीला लागले तेव्हा गिऱ्हाइकाच्या नजरेला नजर देता यायची नाही. पहिल्याच आठवड्यात एका बाईनं सगळ्या गठ्ठ्यांवरच्या साड्या उलगडायला लावल्या आणि काहीच न घेता गेली. मी ढिगामागं तोंड लपवून रडत होते. बाजी आली, एक शब्द न बोलता साड्यांच्या घड्या घालायला बसली, आणि अर्ध्या घड्या झाल्यावर म्हणाली, "काहून रडून राह्यली? तिनं साड्या पाह्यल्या, तुले नाई पाह्यलं. तुले पाह्यलं असतं तं घेऊन गेली असती." मला हसू आलं. त्यानंतर मी तिला बाजी, म्हणजे मोठी बहीण, म्हणू लागले.

दुकान तीन मजली होतं, पण अंगानं बारीक. पुढून एक जिना, एक लिफ्ट, आणि मागून एक अरुंद जिना, तो वरच्या मजल्यांवरून थेट मागच्या गल्लीतल्या शटरपाशी उतरायचा, तळमजल्यावर त्याला दुकानात यायचं दार नव्हतं. ते शटर कायम बंद. बाहेरून कुलूप, आणि किल्ली शेठच्या जुडग्यात. मागून माल जातो, असा शेठचा संशय होता. त्या जिन्यावर मग रिकामी खोकी, तुटलेले पुतळे, सणाच्या सजावटीचं सामान असं साठत गेलं. आम्ही मुली तिकडं सहसा जायचो नाही. खालच्या वळणावर उजेडच यायचा नाही, आणि शटर हाताला कायम गरम लागायचं.

त्या दिवसांत शाळांना, हॉटेलांना बॉम्बच्या धमक्या येतात अशा बातम्या रोज असायच्या. व्यापाऱ्यांची एक सभा झाली, तिथं पोलिसांतली एक बाई असं झालं तर दुकानातल्या माणसांनी काय करायचं ते सांगणार होती. शेठला वेळ नव्हता, त्यांनी बाजीला पाठवलं. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी तिनं आम्हाला पाण्याच्या फिल्टरपाशी गोळा केलं. "फोन आला तं ठेवाचा नाई. भांडाचं नाई, हसाचं नाई, त्याले बोलू द्याचं. कुठी ठेवला, कव्हा फुटन, कसा दिसते, इचारत राहाचं. मांगून काय आवाज येते ते आयकाचं. दुसरीनं तवर पोलिसाले फोन लावाचा. बेवारस बॅग दिसली तं हात लावाचा नाई, सरकवाची पण नाई, तिच्यापाशी मोबाइल चालवाचा नाई. लिफ्टमंदी कोनी जाचं नाई. ओरडाचं तं बिलकुल नाई. बाहेर निघून त्या चौकातल्या निंबाखाली जमाचं, अन् आपल्या बाजूची पोरगी आली का नाई ते आपुन पाहाचं." आमच्यातली एक म्हणाली, "बाजी, आपल्या दुकानात बॉम कोन ठेवन? इथी आपल्याले पाय ठेवाले जागा नाई!" सगळ्या हसलो. बाजीही हसली. पण तिथून ती सरळ शेठकडे गेली. मागचं शटर दिवसा उघडं ठेवा, नाहीतर किल्ली खाली काउंटरला तरी द्या, असं म्हणाली. शेठ म्हणाले, "पाहू." ती पुढच्या आठवड्यात परत गेली. मग लग्नसराई सुरू झाल्यावर परत. "पाहू"च्या पुढं ते कधी गेले नाहीत. बाजी खाली आली की आम्ही तिच्या तोंडाकडं बघायचो, आणि ती कापड झटकल्यासारखा हात झटकायची.

लग्नसराईतलीच दुपार होती. दुकान माणसांनी भरलेलं. मी दुसऱ्या मजल्यावरून काउंटरला एक शालू दाखवायला खाली आले होते, म्हणून ते मी डोळ्यांनी पाहिलं. काउंटरचा फोन वाजला, बाजीनं घेतला. क्षणभर ऐकलं, आणि तिचा चेहरा एकदम स्वच्छ झाला. दुसरा शब्द मला सुचत नाही. घाबरलेला नाही, कोराही नाही. तिनं शर्टाच्या खोक्यातला पुठ्ठा ओढला, त्यावर लिहिलं, "बॉम. पोलीस लाव," आणि माझ्यापुढं सरकवला. फोनमध्ये मात्र ती अगदी घरच्यासारखी बोलत होती. "दादा, इथी लई गर्दी हाय, आवाज नाई येऊन राह्यला. जरा सावकाश सांगा. कुठी ठेवला म्हनले? कोनत्या माळ्यावर? ... नाई दादा, हसून नाई राह्यली. कायच्यामंदी ठेवला, पिशवीत का बॅगमंदी?" मी मोबाइलवर पोलिसांना दुकानाचं नाव सांगत होते आणि माझा आवाज मलाच दुसऱ्या कोणाचा तरी वाटत होता.

फोन पलीकडून कट झाला. बाजी शेठकडे गेली. शेठ गर्दीवरून नजर फिरवत म्हणाले, "खोटं असन ते. पोलीस येऊ दे, मंग पाहू. आता लोकं बाहेर काढले तं सीझन गेला." बाजी म्हणाली, "शेठ, खोटं असन तं उद्या आपुन सारे हसू. खरं असन तं हसाले कोन राहीन?" बाजी उत्तरासाठी थांबली नाही. दुकानात गाणी लावायचे त्याचा माइक घेतला आणि त्याच घोगऱ्या आवाजात म्हणाली, "सगळ्या ताई-दादांनो, हातातलं कापड तिथंच ठेवा अन् जिन्यानं हळू हळू बाहेर चला. कारन बाहेर सांगतो. लेकरायले हाताले धरा." मग माझ्याकडं वळली. "कल्पना, वरच्या ट्रायल रूम पाह्य. तिथी माइक नीट आयकू येत नाई. मी मांगच्या किल्लीचं पाहतो."

मी वर गेले. ट्रायल रूममध्ये एक नवरीमुलगी होती, पूजा, धनजहून आजीबरोबर लग्नाचा घागरा घ्यायला आलेली. बाहेर स्टुलावर आजी, सुंदराबाई, गुडघ्यांनी थकलेली. पूजा अर्धा घागरा घालून, अर्धा हुकांत अडकून, तशीच बाहेर आली. आम्ही तिघी पुढच्या जिन्याकडं गेलो, पण तोवर "बॉम" हा शब्द कोणाच्या तरी तोंडून सुटला होता. जिना माणसांनी गच्च. खालचे खाली सरकत नव्हते आणि वरचे ढकलत होते. एक मूल डोक्यांवरून हातोहात खाली जात होतं. सुंदराबाईला त्या गर्दीत घातलं असतं तर ती बॉम्बाशिवायच गेली असती. मी त्यांना मागच्या जिन्यानं नेलं. बाजी किल्लीचं बघते म्हणाली होती, म्हणजे खालचं शटर उघडलं असेल, असं मी धरून चालले.

शटर उघडलेलं नव्हतं. किल्लीसकट शेठ पुढच्या दारानं बाहेर निघून गेले होते, हे मला नंतर कळलं. आम्ही शेवटच्या वळणावर पोचलो आणि दिवे गेले, कोणीतरी मेन स्विच बंद केला होता. मोबाइलची बॅटरी लावली. समोर शटर, बंद. शेजारी खोकी. आणि खोक्यांवर एक काळी रेक्झिनची बॅग, फुगलेली, चेन अर्धी उघडी... तिथं कधी नव्हती ती. पूजानं माझा दंड धरला. आजी म्हणाली, "काय व माय, गॅस फुटला का?" मी नाही म्हणाले. परत वर चढायचं म्हणजे सुंदराबाईला उचलून न्यायचं, आणि ती आमच्या दोघींच्या मिळून वजनाची होती. पुढं लोखंड, बाजूला ती बॅग, मागं अंधारात वर जाणारा जिना. मी शटरवर हात आपटायला लागले. तो आवाज त्या पोकळीत इतका मोठा झाला की आजी कान धरून खाली बसली. हवा नव्हती. पुतळ्यांचे तुटके हात खोक्यांतून वर आलेले होते, आणि बॅटरीच्या उजेडात ते हलल्यासारखे वाटत होते. मला विहिरीत पडल्याचं स्वप्न पडायचं लहानपणी. त्यातही असंच, वरून कोणी तरी बघेल, एवढीच आशा उरायची.

तेवढ्यात शटरच्या खालून तो आवाज आला. "कल्पना? तूच का व?"

निंबाखाली मुली जमल्या तेव्हा मी नव्हते. बाजीच्या लक्षात आलं आणि ती वळसा घालून मागच्या गल्लीत आली होती. "कोन कोन हाय?" मी सांगितलं. "बाजी, इथी एक बॅग हाय..." हे सांगताना मात्र मला हुंदका आला. तिचा आवाज खाली, फटीजवळ आला. मग म्हणाली, "हात लावला का कोनी? नाई ना? मंग लावू नको. मोबाइल बंद कर बेटा, त्या पोरीलेही सांग. आजीले बॅगपासून दूरच्या कोपऱ्यात बसव अन् तुमी दोघी तिच्या पुढं बसा." मी म्हणाले, "मोबाइल बंद केला तं अंधार होईन बाजी." ती म्हणाली, "होईन. मी हाय ना बोलून राह्यली. आवाजाकडं पाह्य."

मी मोबाइल बंद केला. शटरच्या खालच्या फटीतून उजेडाची एक बारीक रेघ तेवढी उरली, आणि त्या रेघेत बाजीची बोटं दिसली. जमिनीवर बसून तिनं बोटं आत सारली होती. पूजानं ती धरली. बाहेर कोणी तरी पुरुष ओरडत होता, "बाई, मांगं व्हा! इथून मांगं व्हा!" पोलीस आले होते, आणि त्यांचं बरोबर होतं, तिनं स्वतःच आम्हाला तेच शिकवलं होतं, दूर व्हायचं म्हणून. बाजी म्हणाली, "साहेब, किल्ली येईलोक बसू द्या. तीन जनी हायेत आत." मग परत आमच्याशी. तिनं आजीला विचारलं, नात कोणत्या गावी देणार. आजी म्हणाली, "कारंज्याले." "पोरगा काय करते?" "ट्रॅक्टरचं गॅरेज हाय." "चांगलं हाय. घागरा कोनत्या रंगाचा घेतला?" पूजा रडत म्हणाली, "मरून." "मरून दोन वर्सांनीही घालता येते. चांगला घेतला." मला त्या क्षणी तिचा राग आला होता. मरणाच्या दारात रंग काय विचारते! पण श्वास जागेवर येत होता तो त्या प्रश्नांमुळंच, हेही कळत होतं.

शेठला गर्दीतून शोधून काढून आमचे अल्टरेशनवाले देविदासकाका किल्ली घेऊन धावत आले. कुलूप फिरेना, गंजलेलं. एका पोलिसानं दगड उचलला असावा, कारण बाजी जोरात म्हणाली, "ठोकू नका! आत बॅग हाय!" देविदासकाका गल्लीच्या टोकाला असलेल्या आपल्या टपरीत गेले आणि शिलाई मशीनचं तेल घेऊन आले. तेल सोडलं, वाट बघितली... ती वाट बघणं मी विसरू शकत नाही. मग किल्ली फिरली. शटर खडखडाट न करता, इंच इंच, गुडघ्याएवढं वर उचललं. आजीला चादरीवर झोपवून ओढून काढलं. मग पूजा. मी सगळ्यात शेवटी. बाहेर ऊन इतकं होतं की मला काही दिसेना. बाजीनं मला दंडाला धरून निंबाकडं नेलं.

बॉम्ब नव्हता. अकोल्याहून पथक आलं, कुत्रा आला. बॅगेत एका कुटुंबाचे कपडे, पूजेचं सामान आणि चिवड्याचे डबे निघाले. ते लोक शिरपूरला देवदर्शनाला निघालेले, खरेदीला थांबले होते. गर्दीत नको म्हणून त्यांनी बॅग मागच्या जिन्यावर ठेवली होती. संध्याकाळी सगळा बाजार हसत होता. शेठही. मी घरी गेले आणि न्हाणीचं दार लावून घेता येईना. ते बरेच दिवस येईना.

खरी कोंडी मात्र त्यानंतरची, आणि ती बाजीची. पोलिसांनी चौकशीला बोलावलं, ते रीतसरच होतं. फोन तिनंच घेतला होता. पण बाजारात कुजबुज सुरू झाली. एवढा वेळ बोलत कशी होती? दादा दादा काय म्हणत होती? ओळखीचा असेल. आणि मग तिच्या नावावर येऊन लोक गप्प व्हायचे, ते गप्प होणं बोलण्यापेक्षा वाईट होतं. शेठ म्हणाले, "नसीम, काही दिवस घरीच राह्य. गिऱ्हाइक इचारते." तिला नोकरीवरून काढलं नाही, फक्त घरी बसवलं. मी भेटायला गेले तर ती आतल्या खोलीत, दार लोटून बसलेली. भावाच्या मुलांना शाळेत काही ऐकावं लागू नये म्हणून ओट्यावरसुद्धा येत नव्हती. मला म्हणाली, "शटरच्या आत तू होती तं बाहेर मी होती. आता मी आत हाय. बाहेर हाय का व कोनी?"

मी "हाय" म्हणाले आणि बाहेर येऊन पूजाला फोन लावला. लग्न चार दिवसांवर आलं होतं तिचं. तरी दुसऱ्या दिवशी ती आजीला घेऊन आली. सुंदराबाई दुकानात शिरली, काउंटरसमोर खुर्ची ओढून बसली आणि भर गर्दीत म्हणाली, "ज्या बाईनं मले त्या भोकातून काढलं ती कुठी हाय? तिले बलाव. तवर मी इथून उठत नाई." शेठनं चहा मागवला. आजीनं घेतला नाही. गिऱ्हाइकं विचारू लागली, काय झालं? आजी प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायची. शटर, बॅग, बोटं, मरून रंग. एकटी पूजा सांगत असती तर कोणी ऐकलं नसतं, पण त्या म्हातारीचं तोंड कोण बंद करणार? सूर्य कलायच्या आत शेठ स्वतः बाजीच्या घरी गेले. मीही मागोमाग गेले. बाजीनं ऐकून घेतलं आणि एकच म्हणाली, "येतो. पन आधी मांगचं शटर उघडा." दुसऱ्या दिवसापासून ते दिवसभर उघडं राहू लागलं आणि जिना रिकामा झाला. फोन करणारा पुढं सापडला. ड्रेस बदलून दिला नाही म्हणून चिडलेला एक तरुण. बसस्टँडवरून बोलला होता. मागं कारंजा गाडीची घोषणा ऐकू आली होती, ते बाजीनं दुसऱ्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं होतं. ज्यांनी कुजबुज केली ते काही माफी मागायला आले नाहीत. ती कामावर येत राहिली, पण काउंटरचा फोन वाजला की दुसरीकडं वळायची. फोन मी घ्यायचे.

पुढं मी शेलूबाजारला दुकान टाकलं, आणि तिचं हृदय थकत गेलं. जिना चढवेना तेव्हा नोकरी सुटली. शेवटची भेट झाली तेव्हा आडवं झाल्यावर दम लागायचा म्हणून ती उशांना टेकून बसलेली होती. म्हणाली, "आंगाच्याच आत कोंडल्यावानी झालं व. याले शटर कुठी असन?" मी तिचे पाय दाबत बसले. निघताना म्हणाली, "दुकानात मांगून वाट हाय ना तुया?" मी हो म्हणाले. खरंच आहे.

बाजीच्या चाळीसाव्या दिवसाला गेले होते. फातेहा, गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, झाली, जेवणं झाली, बायका पांगल्या. रेहाना आणि मी ओट्यावर भांडी गोळा करत होतो. तेवढ्यात गल्लीतून एक बकरी आली, करड्या रंगाची, एक शिंग मोडलेली, आणि लोटलेल्या दाराला डोकं घासू लागली. मला वाटलं हाकलावी. रेहाना म्हणाली, "राहू दे. बाजूवाल्याईची हाय. बाजीच्या हातची भाकर खाल्ल्याबिगर जात नव्हती. रोज येते याच टायमाले. आता बाजी नाई, हे इले कोन सांगन?" तिनं पदराला हात पुसले, आत गेली, चतकोर भाकर आणून माझ्या हातात दिली. मी भाकर पुढं केली. बकरीनं ती हुंगली, माझ्याकडं पाहिलं, माझ्या मागं घरात पाहिलं... बराच वेळ. मग खाल्ली.

आणि तरी गेली नाही. दारातच बसून राहिली, तोंड आत करून.